पांढरं कापड घेत नाही

माझ्या भाचीच्या शिवणाच्या दुकानात तीन वर्षं पाटी होती : ‘पांढरं कापड घेत नाही.’ गिऱ्हाईकं मला कारण विचारत. मी सांगे, “तिनं शिवलेला एक पांढरा सदरा हँगरवरून उतरून चालत निघून गेला. तेव्हापासून पोरीनं धसका घेतलाय.” निम्म्यांना पटायचं.

खरं कारण वेगळं. तिच्या गर्भाशयात संत्र्याएवढी गाठ होती आणि रक्तस्राव कधी सुरू होईल याचा नेम नव्हता. पांढरं कापड मांडीवर घ्यायची तिची छातीच होईना. ऑपरेशनचं नाव काढलं की फणकारायची, “माझ्या दुकानात गाठ कापत नाहीत मामा, सोडवतात. पोटाला वेगळा नियम का?”

शेवटी एका डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्या म्हणाल्या, “गाठ कापायची नाही. मनगटातून बारीक नळी रक्तवाहिनीत घालायची, गाठीपर्यंत न्यायची आणि तिथं मणी सोडायचे. रक्त अडलं की गाठ उपाशी पडते, आक्रसते.”

“मणी किती नंबरचे?” भाचीनं विचारलं.

“वाळूच्या कणाएवढे.”

“आणि भोक?”

“भोक कशाला?”

“अहो, मग ओवणार कसे?”

ठरल्या दिवशी भाची मण्यांचा डबा काखोटीला मारून हजर! “तुमचे कमी पडले तर असू द्यावेत.” डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत डबा माझ्या हाती दिला.

पुढचं तिच्या तोंडचं, म्हणजे माझ्यापेक्षा खरं. मनगट बधिर करणारी सुई तेवढी टोचली. गुंगी होती, पण झोप नव्हती. औषध सोडल्यावर ओटीपोट कोमट झालं आणि पडद्यावर रक्तवाहिन्या उसवलेल्या लोकरीसारख्या दिसल्या. “ओढू नका हं, धागा तुटेल,” असा सल्लाही हिनं दिला. तासाभरात काम उरकलं.

खरी कळ नंतर आली. “मामा, पोटात कुणीतरी मशीन चालवतंय,” ती कण्हली. सलाईनमधून दुखण्याचं औषध सुरू होतं. मी सदऱ्याची गोष्ट काढली, तर म्हणाली, “गप्प बसा, हसलं की जास्त दुखतं!” दुसऱ्या दिवशी घरी आलो. आठवडाभर अंग मोडून आलं, कणकण राहिली. मग दर महिन्याला रक्तस्राव कमी होत गेला.

सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली. संत्र्याचं लिंबू झालं होतं.

“म्हणजे गेली नाहीच की!” भाचीचा चेहरा पडला.

“राहीना का बापडी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला छळत नाही ना?”

ती तडक दुकानात गेली, ठेवणीतला पांढरा तागा काढला, मांडीवर पसरला आणि मशीनवर बसली. दुपारभर एकदाही उठली नाही. संध्याकाळी पाटी काढून तिनं माझ्या हातात दिली.

परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, “पाटी कुठं गेली हो?”

मी म्हटलं, “तो सदरा परत आला.”