गेंड्याचं चव्वेचाळिसावं मरण

मोक युन-पुई पडद्यावर त्रेचाळीस वेळा मेला होता. कधी गोळी लागून, कधी सुऱ्याने, एकदा तर मासळीबाजारात बर्फाखाली गाडला जाऊन. नायक व्हायला चेहरा लागतो आणि खलनायक व्हायला आवाज. पुईकडे यातलं काहीच नव्हतं, फक्त हाडं होती आणि ती मोडून घ्यायची तयारी होती.

त्याचं सगळ्यात गाजलेलं मरण म्हणजे ‘दहा नंबरचा बावटा’ (बंदरावर महावादळाचा इशारा म्हणून लावतात तो) या पोलिसपटाच्या पहिल्या भागातलं. विसाव्या मिनिटाला गेंडा नावाचा गुंड बांबूच्या परांचीवरून धाडकन खाली येतो, तो गेंडा म्हणजे आपला पुई. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. पुढे त्या सिनेमाचे आणखी चार भाग निघाले, नायकाने डोंगरावर बंगला घेतला आणि पुईला मिळाली ओळख. साठी आली तरी चहाच्या हॉटेलातला वेटर त्याला बजावायचा, “गेंडाभाऊ, फरशी ओली आहे हं. फुकट पडू नका!”

पुईच्या आईने, म्हणजे हिंग-आजीने, तो सिनेमा वीस मिनिटंच पाहिला होता. पुईचे वडील परांच्या बांधणारे. पुई सहा वर्षांचा असताना ते नॉर्थ पॉइंटच्या एका इमारतीवरून पडले, ते उठलेच नाहीत. पडद्यावर लेक तसाच पडला, तशी आजी उठली, पिशवी उचलली आणि घरी येऊन तिने भात टाकला. त्यानंतर तिने मुलाचा एकही सिनेमा पाहिला नाही. “तुला मरायचंय तर खुशाल मर. मी बघायला येणार नाही,” म्हणायची.

आणि मग तीस-बत्तीस वर्षांनी निर्मात्यांना उमाळा आला. नायक पोलिसात कसा शिरला, त्याची ‘सुरुवात’ दाखवायची म्हणे. म्हणजे पहिल्या भागाच्याही आधीची गोष्ट. पुईला बोलावणं आलं, वय कॉम्प्युटरवर उतरवू म्हणाले. त्याने कथा वाचली आणि तो तसाच धावत घरी गेला.

“आई, यात मी मरत नाही! शेवटच्या दृश्यात हॉटेलात बसून चांगला भात खातो.”

“लिहून दिलंय का त्यांनी?” आजीने विचारलं.

“अगं, आत्ताच मेलो तर पहिल्या भागात कोण पडणार?”

आजीने यावर बराच विचार केला. हिशेब बरोबर होता. “मग येईन,” ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत मजल्यावरच्या, रोज सोंगट्यांचा माजाँग खेळणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना कळलं की हिंगचा पुई या खेपेस जगणार आहे. आयुष्यात पहिल्यांदाच आई आपला सिनेमा शेवटपर्यंत बघणार, म्हणून पुईला रात्रभर झोप लागली नाही.

भात खाण्याचं दृश्य झकास झालं. पण सिनेमा जोडून झाल्यावर पैसे घालणाऱ्यांनी तो पाहिला आणि सगळे जांभया देत बाहेर आले. हुकूम सुटला, आणखी माणसं मारा. दिग्दर्शक शेक हा नवा, गोंधळलेला माणूस. त्याने पुईला पुन्हा बोलावलं.

“पुईकाका, परांचीवरून पडायचंय. पडायला दुसरा तरणा गडी आहे, तुम्ही फक्त खाली पालथे व्हा. लोकांना ते पडणं फार आवडतं.”

“अरे बाबा, मी पडतो तो पहिल्या भागात! आत्ताच मेलो तर तिथे काय माझं भूत पडतं?”

“काका, तीस वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय?”

पुईला आठवत होतं, पण गेंड्याला कोण विचारतो? तो तोंडाला लाल रंग लावून पालथा पडला. उठल्यावर रिवाजाप्रमाणे त्याच्या हातात लाल पाकीट आलं. कॅमेऱ्यासमोर जो मरतो त्याला ते द्यावंच लागतं, आणि त्यानेही त्यातले पैसे त्याच दिवशी खर्चून टाकायचे, नाहीतर ते मरण घरापर्यंत मागे येतं. पुईने नेहमीसारखं भाजलेलं बदक घेतलं. आजीने बदकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“आज काय विशेष?”

“सहज.”

आजीने तंगडी उचलली. आज सांगू, उद्या सांगू करत पुईने सांगायचं टाळलं.

सिनेमा लागला आणि आपटला. ‘दहा नंबरचा बावटा लावला, पण झुळूकसुद्धा आली नाही,’ असं लोक लिहू लागले. दुसऱ्या बुधवारी दुपारी शेवटचा खेळ होता. पुईला देव पावल्यासारखं वाटलं.

“आई, सिनेमा साफ पडलाय म्हणे. राहू दे, नको जायला.”

“सिनेमा पडू दे. तू नाही ना पडत?” आजी म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या.

थिएटरात मोजून चौदा माणसं. मागच्या रांगेत दोन टॅक्सीवाले पाय पसरून, जीभ सैल सोडून बसलेले. आजीने पिशवीतून चघळायला भाजलेली सुकी माकूल मासळी काढली. गेंडा पडद्यावर आला. कॉम्प्युटरवाल्यांनी पुईच्या सुरकुत्यांवर अशी इस्त्री फिरवली होती की चेहरा सोललेल्या अंड्यासारखा दिसत होता. टॅक्सीवाले फिदीफिदी हसले.

“पुई,” आजी कुजबुजली, “हे तर तुझे बाबा.”

पुईने नीट पाहिलं. खरंच की! भिंतीवरच्या फोटोतले बाबा, तेच कपाळ, तीच हनुवटी. आता हाच चेहरा परांचीवर चढणार होता.

“आई, चल, घरी जाऊ. कंटाळवाणा आहे.”

“बस.”

“ऐक ना गं.”

“बस म्हटलं ना!”

चेहरा परांचीवर चढला. बांबू मोडले. चेहरा खाली आला. आजीने पिशवी घट्ट धरली, पण ती उठली नाही. पुईला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“अरे, हा पहिल्या भागात मरतो ना?” मागून एक टॅक्सीवाला म्हणाला. “आत्ताच कसा आटपला?”

“घाई असेल!”

पुढचा तासभर पडद्यावर काय चाललं ते पुईने पाहिलंच नाही. मग शेवटचं दृश्य आलं. नायक हॉटेलात शिरला आणि एका टेबलासमोर उभा राहिला. त्याचं पहिल्या भागापासून गाजलेलं वादळाबद्दलचं वाक्य सगळ्यांना हवं होतं, म्हणून दृश्य ठेवलेलं. त्या टेबलावर कोण बसलंय याचा विचार एकानेही केला नव्हता. गेंडा बसला होता. एक ओरखडासुद्धा नाही, आणि पठ्ठ्या भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबर भात हाणत होता.

थिएटर हशाने फुटलं. दोन तासांत पहिल्यांदाच चौदा माणसं जिवंत झाली.

“अहो, हा वर गेला होता ना?”

“वर जेवण बरं मिळत नसेल! खाली आला जेवायला!”

पुईने लाजेने तोंड झाकलं. चाळीस वर्षं या धंद्यात घातली, त्याचं हे फळ! मग बोटांच्या फटीतून त्याने आईकडे पाहिलं. आजी खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती. डोळे भरून वाहत होते आणि ती पडद्याला सांगत होती, “सावकाश खा रे. सावकाश. ठसका लागेल.”

खेळ सुटल्यावर दोघं जवळच्या हॉटेलात दूध घातलेला चहा घेत बसली. पुईने घसा साफ केला.

“आई, मी सांगणार होतो.”

“मला ठाऊक होतं. बदक आणलंस तेव्हाच कळलं. मरून आलास की बदक आणतोस. आजवर कमी बदकं खाल्लीत का मी?”

“मग आलीस कशाला?”

“तुला एवढं वाटत होतं म्हणून.” आजीने बशीतला चहा परत कपात ओतला. “आणि तुझे बाबा पडले तेव्हा मला जवळ बसू दिलं नाही रे लोकांनी. बघवणार नाही म्हणून हाताला धरून घरी पाठवलं. म्हटलं, या खेपेस शेवटपर्यंत बसायचं. काय व्हायचं ते होवो. तर बसले, आणि तू उठलास.”

पुईने तिचा हात धरला. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आजीने डोळे पुसले आणि विचारलं, “उद्या किती वाजता आहे? माजाँगवाल्यांना घेऊन येते.”

“उद्या नाही, आई. आज उतरला. फार वाईट सिनेमा आहे म्हणतात सगळे.”

“वाईट?” आजी एवढ्या जोरात म्हणाली की वेटरने वळून पाहिलं. “पडलेला माणूस उठून पोटभर जेवला, आणि वाईट?”