माझी बारीक नळी

मित्रांनो, मी औषधांच्या कारखान्यातला एक जुना डिटेक्टर आहे. चौदा वर्षं झाली, पण नजर अजून शाबूत! एका पोलादी नळीत औषधातले घटक सुटे होतात आणि द्रवाबरोबर एकेक करत माझ्या इवल्याशा कोठडीत येतात. मी त्यांच्यावर दिव्याचा प्रकाश टाकतो. जो घटक जेवढा प्रकाश गिळेल, तेवढं उंच त्याचं शिखर मी पडद्यावर काढतो.

स्वभावाने मी नाजूक, हे मान्य. दिवा जुना झाला की मला अंधूक दिसतं. द्रव अशुद्ध असला किंवा खोली तापली की माझी रेघ थरथरते. पण खोटं बोलणं? छे! ते मला जमतच नाही. तपासनीस ताईंना हे पक्कं ठाऊक. रोज सकाळी दिवा लावून त्या मला आधी तापू देतात, मगच काम सांगतात. "आमचा म्हातारा एकदा बोलला की बोलला!" असं त्या कौतुकाने म्हणायच्या.

आणि एका सोमवारी माझी फजिती झाली. एकच औषध पाचदा दिलं, तर मी पाच वेगळी उत्तरं दिली.

"चळलाय म्हातारा," साहेब वैतागले. "चार वाजता भंगारवाला येतोय. देऊन टाका."

भंगारात? मी?

"चार वाजायला अजून दोन तास आहेत, साहेब," ताई म्हणाल्या आणि बाह्या सरसावून कामाला लागल्या. दिवा पाहिला, तो नवाच होता. द्रव बदलला, खोली गार केली, तरी रेघ आपली उड्या मारतेच! शेवटी त्यांचा हात माझ्या पाठीमागे गेला आणि तिथेच थांबला.

"साहेब, ह्याची द्रव बाहेर सोडणारी बारीक नळी कुठे गेली?"

"ती होय? शनिवारी आवराआवर करताना मीच काढली. काय कळकट दिसत होती! चांगली जाड नळी बसवली."

"अहो साहेब! त्या बारीक नळीमुळेच तर आत दाब राहतो. दाब गेला, की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे येतात. डोळ्यातच बुडबुडा आल्यावर ह्याने बघायचं कसं?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. अडगळीचा डबा उपसून नळी त्यांनीच शोधली. ताईंनी ती धुऊन बसवली. पुन्हा पाच वेळा तेच औषध आलं आणि मी पाच शिखरं काढली, अगदी एकसारखी, ताठ! ताईंनी टाळीच वाजवली. जिंकलो, मित्रांनो, मी जिंकलो!

ठीक चारला भंगारवाला दारात हजर. साहेबांनी त्याच्या हातावर ती जाड नळी ठेवली.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच," साहेब खाली बघत म्हणाले. "बिघडलं होतं ते हेच."

तेव्हा मित्रांनो, एखादं जुनं यंत्र चुकायला लागलं, तर त्याला मोडीत काढायची घाई करू नका. आधी त्याच्या पाठीमागे हात घालून बघा. आपणच त्याचं काही काढून घेतलेलं नाही ना?