इद्रीसचा टाका

"आणली मीच. पन आत काय ते मना नाय म्हायती," नझीर रडकुंडीला आला होता. "दुसऱ्याची शिवलेली पिशवी कोन उसवून बघतो काय?"

कुवेतच्या पोलीस ठाण्याच्या दाराशी इद्रीस शिंपी मान खाली घालून उभा होता. रत्नागिरीहून कुवेतला येणारा प्रत्येक जण गाववाल्यांच्या पिशव्या आणी. शिवण उसवणे म्हणजे देणाऱ्याच्या इमानावर शंका घेणे. याच रिवाजाच्या आडोशाने इद्रीसने कोकमांच्या तळाशी अफू दडवली आणि दोघे एकाच बोटीवर चढताना पिशवी नझीरच्या हाती दिली. अफू हवी होती कंपनीच्या गोऱ्या फोरमनला. त्याच्या बंगल्यावर ती पोहोचवताना नझीर पकडला गेला. नझीरने इद्रीसचे नाव घेतले, तेव्हा काल इद्रीसने कानांवर हात ठेवले होते.

फोरमनला आज सकाळी कोर्टाने दंड करून विलायतेच्या विमानात बसवले होते. नझीरची मात्र चार वर्षांतून सुटका नाही, असे सगळे म्हणत होते.

इद्रीस अंमलदाराच्या टेबलापाशी गेला.

"शिवण माझी हाय. दुहेरी टाका, शेवटची गाठ आतून. पोराला सोडा."

दुभाष्या झहूर मुंबईचा. त्याने भाषांतर करण्याआधी इद्रीसचा दंड धरला. "शुद्धीवर आहात काय, इद्रीसभाई? गोऱ्याला दंड झाला म्हणून तुम्हालाही दंडावर सोडतील?"

"नाय सोडणार. सांग त्यांना."

कोर्ट तेच होते, टेबलावरची पिशवीही तीच. साहेबाचा पहिलाच गुन्हा म्हणून दया दाखवल्याचे निकालपत्रात होते. इद्रीसचाही पहिलाच होता. त्याला चार वर्षांची सजा झाली, नझीर सुटला.

तुरुंगाच्या भिंतीपलीकडे समुद्र होता. ऐकू येई, दिसत नसे.

तिसऱ्या वर्षी रजेवर गावी जाऊन परतलेला नझीर भेटीला आला. इद्रीसच्या बायकोने, आमिनाने दिलेली पिशवी त्याने गजांतून पुढे सरकवली. तिचे तोंड उसवलेले होते.

"दरवाजावर शिपायांनी फाडली?"

"नाय, चाचा." नझीरने नजर वर केली नाही. "मीच उसवली. घरी, चाचीच्या समोर."

"काय म्हणाली?"

"काय नाय. कातर आणून दिली."

"बरं केलंस," इद्रीस म्हणाला.

नझीर गेल्यावर त्याने लोंबणारा दोरा बोटाला गुंडाळला. तुरुंगात सुई मिळत नसे. पिशवीचे तोंड मुठीत घट्ट धरून तो भिंतीला टेकून बसला.