दोरीचं दुसरं टोक

"सांभाळा, पायावर पडेल!" जुन्या कॅमेऱ्यांचा दुकानदार ओरडला.

फोटोग्राफरने कॅमेऱ्याचं ते पत्र्याचं धूड कसंबसं काउंटरवर टेकवलं. खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अहो, उभं आयुष्य स्टँडवर फोटो काढलेत. आता म्हातारपणी मोठा कॅमेरा हातात धरायचं खूळ कुठून काढलंत?"

"बायको अंथरुणाला खिळलीय. खाट आणि भिंत यांच्यामध्ये मीच जेमतेम शिरतो. स्टँडचे पाय कुठे पसरू, डोक्यावर?"

"मग छोटा घ्या की."

"छोटा नको. तिला फोटो मोठ्या फिल्मवरचाच हवाय."

हवा असणारच. अख्ख्या शहराचे चेहरे त्याने मोठ्या फिल्मवर उतरवले आणि घरच्या माणसाला मात्र 'तुझा काय, रविवारी काढू' म्हणत आला. तो मेला रविवार कधी उजाडलाच नाही. आता डॉक्टरांनीही हात टेकले होते.

दुकानदाराने लाकडी कॅमेरा पुढे सरकवला. "हा हलका. पण खरं सांगू? हातात धरायचा तर जडच बरा. वजनानं तो हातात बसतो. हलका असला की बटण दाबताच अंग झटकतो."

हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! पण जड कॅमेरा आधी डोळ्यापर्यंत पोचायला तर हवा. त्याने लाकडी उचलला. तोही पेलवेना. मग फ्लॅशचा दांडा काढायला लावला, अंतर जुळवायचं यंत्रही काढायला लावलं.

"आता अंतर कसं कळणार?"

"दोरी आहे."

दोरीची युक्ती बायकोचीच. भिंगाखाली बांधलेली दोरी, टोकाला गाठ. स्टुडिओत चुळबुळी पोरं आली की ती गाठ त्यांच्या नाकाला टेकवायची. "नाक दे रे, लगेच परत देते!" पोर हसायचं, दोरी ताणली की अंतर जुळायचं.

त्या संध्याकाळी बाम चोपडलेल्या नाकाला तिने स्वतःच गाठ लावली.

"इतकी वर्षं लोकांची नाकं धरली, आज माझं." धाप लागत होती, तरी हुकूम चालूच. "खांदा खाली घ्या. दम धरा. घाई कसली? मी काय पळून जातेय?"

"सोड."

तिने दोरी सोडली. त्याने बटण दाबलं आणि कॅमेरा हातात उडाला.

"झाला?"

"झाला. झकास आलाय."

तिचे डोळे मिटत होते. दुसऱ्या फोटोसाठी तिला जागं ठेवणं त्याच्या जिवावर आलं. उद्या आणखी एक काढू, म्हणाला.

पहाटे तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

खाट हलवल्यावर खोली अंगावर यायला लागली. मुलगी भिंतीत खिळा ठोकून थांबली होती. त्याने धुतलेला फोटो तिच्या हातात दिला. एकाच उशीवर तिचेच दोन पुसट चेहरे, एकमेकांत मिसळलेले.

"आई हलली वाटतं, बाबा."

"ती कसली हलतेय? मी हललो."

मुलीने फोटो टांगला, सरळ केला आणि डोळे पुसत आत गेली.

त्याने स्टँड आणून खाटेच्या जागी उभा केला. तिन्ही पाय ऐसपैस पसरले. वर कॅमेरा चढवला. दोरी खाली लोंबत राहिली. त्याने गाठ उचलून नाकाशी नेली. बामाचा वास अजून होता.