टाचेचा काळा डाग

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगते. आमचे मॅनेजर हैबतराव साहेब कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "कॉन्ट्रॅक्टवाल्यांना रॅकेटबॉलचं कोर्ट कशाला? माझी एक सर्व्हिस तरी परत मारता येईल का?" झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"टाका की, साहेब! किती टाकताय?"

"दहा. तीन रॅली जिंकलीस तर कोर्ट तुम्हा सगळ्यांना खुलं. नाहीतर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

धाटावच्या आमच्या कंपनीत मी कॉन्ट्रॅक्टवर आहे, लॅबमध्ये बाटल्या धुते. कंपनीच्या क्लबातलं कोर्ट, म्हणजे भिंतीवर बॉल मारत खेळायची बंद खोली, फक्त कायम नोकरीवाल्यांचं, दारावर तशी पाटीच आहे. माझी आई धोंडुबाई अकरा वर्षं ते कोर्ट पुसते, पण तिथं रॅकेट हातात घ्यायची तिला सोय नाही. तिनेच कचऱ्यातून उचलून आणलेल्या तडकलेल्या रॅकेटने मी गोदामाच्या भिंतीवर शिकले.

रविवारी सकाळी कोर्टाच्या काचेच्या भिंतीमागे ही गर्दी! पेणहून बसने येणारेसुद्धा सुट्टी सोडून आले होते. साहेब पुढे उभे, मी त्यांच्या मागे. बॉल समोरच्या भिंतीवर आपटून असा सुसाट मागच्या कोपऱ्यात यायचा, की मी वळेपर्यंत खेळ खलास. कधी डावा कोपरा, कधी उजवा. सात सर्व्हिस झाल्या आणि मी सातही घालवल्या.

"राहू दे पोरी," साहेब हसले.

रडू आलं मला, खोटं कशाला बोलू? आता उरलेल्या तिन्ही जिंकायला हव्या होत्या. तेवढ्यात जमिनीवर सांडलेला घाम पुसायला आई फडकं घेऊन आत आली. पुसता पुसता माझ्या पायाशी कुजबुजली, "भिंतीकडं काय बगतेस गो? साहेबाच्या डाव्या टाचेकडं बग. डाव्या कोपऱ्यात मारायचा असला का टाच घासतो, अकरा वर्षं बगते मी. तो काळा डाग रोज मीच पुसते. टाच घासली नाय, का उजवीकडं."

आठवी. टाच घासली, कर्र! बॉल भिंतीला लागायच्या आत मी डावीकडे धावले. मारला सरळ, खाली. साहेब बघतच राहिले.

नववी. पुन्हा कर्र! या वेळी मी बॉल वर छताला लावला. तो साहेबांच्या डोक्यावरून जाऊन मागच्या कोपऱ्यात मेला. काचेमागे नुसता कल्ला!

दहावी. साहेबांनी बॉल तीनदा टप टप आपटला. हात हलला, टाच मात्र गप्प. उजवीकडे! मी झेपावले आणि जीव खाऊन मारला. साहेब पळाले, रॅकेट पोचली नाही.

मी किंचाळले, लाज कसली त्यात! दार उघडून सगळे आत घुसले. साहेब धापा टाकत बाहेर गेले, स्वतःच्या हाताने पाटी काढून आले आणि म्हणाले, "शिकवलं कुणी तुला?"

मी आईकडे बोट दाखवलं.

आईने फडकं कोपऱ्यात ठेवलं, पदर खोचला, माझ्या हातातली तडकलेली रॅकेट घेतली आणि मागे जाऊन उभी राहिली.

"टाका साहेब, एक मला. आन् टाच घासा बिनधास्त. आज डाग मी नाय पुसणार."