मित्रीची राहून गेलेली भाकर

मित्रांनो, तळहातात मावेल एवढा, जैतुनाच्या लाकडाचा मी एक गोल शिक्का आहे. माझं वय आता शंभरीच्या घरात गेलं असावं. कागदावर किंवा पाकिटावर मी कधी उमटलो नाही. मी उमटायचो कणकेवर. रविवारच्या उपासनेसाठी आमच्या बैत जाला गावातल्या बायका घरीच गव्हाची पवित्र भाकर करत. ती फुगून आली की भट्टीत घालण्याआधी तिच्यावर मला दाबत. मग मधोमध एक चौकोन उठे, चौकोनात क्रूस आणि क्रुसाच्या चारी अंगांना अक्षरं : येशू ख्रिस्त विजयी आहे.

मला कोरलं बिशारा सुतारानं. अक्षरं उलटी कोरावी लागतात. त्याची बायको त्याला चिडवायची, "देवाचं नावही तुला सरळ लिहिता येत नाही होय?" तो मान वर न करता म्हणायचा, "मी उलटं लिहिलं तरच तुम्हाला सरळ दिसेल, बाई." माझ्याआधी त्यानं एक शिक्का कोरला होता. त्यात एक अक्षर चुकून सुलटं पडलं, म्हणून तो चुलीत गेला. मी दुसरा. नशीबवान म्हणायचा.

ज्या घरात मी आलो, तिथल्या मुलीचं नाव नज्मे. ती चौदा वर्षांची असताना तिचा थोरला भाऊ चिली नावाच्या दूरच्या मुलखात निघाला. आमच्या गावात रीत होती, परमुलखात निघालेल्यासाठीही अशीच भाकर करायची. आमचे धर्मगुरू घरी येऊन तिच्यावर प्रार्थना म्हणत आणि तिचा तुकडा जाणाऱ्याच्या रुमालात बांधून देत. नज्मेच्या आईनं त्या दिवशी मला कणकेवर दाबलं. भाऊ गेला. वर्षभरानं त्याचा एक फोटो आला. त्यात त्याला मिशा होत्या. नंतर काहीच आलं नाही.

नज्मेचं लग्न झालं आणि मी तिच्याबरोबर सासरी गेलो. तिचा नवरा जिर्यिस दगडाच्या खाणीत काम करायचा. मोठा हसरा माणूस. शनिवारी ती कणीक मळायला बसली की तो मला उचलून स्वतःच्या कपाळावर टेकवायचा आणि म्हणायचा, "बघ, मी पण पवित्र झालो." एके दिवशी खाणीत दरड कोसळली आणि तो तिच्याखाली गेला. चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावानं चर्चमध्ये भाकर न्यायची होती. नज्मेनं मला दाबलं, आणि चौकोन तिरपा उमटला. तिच्या पदरात तेव्हा दहा वर्षांचा मित्री आणि तीन वर्षांची फरहा होती. गाव तिला उम्म मित्री म्हणत असे, म्हणजे मित्रीची आई.

मित्री बावीस वर्षांचा झाला आणि त्यानंही चिलीला जायचं ठरवलं. चुलतभावानं तिकडे कापडाच्या गिरणीत काम बघून ठेवलं होतं. उम्म मित्रीनं त्याला अडवलं नाही. सदरे शिवले, सुकी अंजिरं बांधली. निघायच्या दिवशी पहाटे उठून तिनं कणीकही मळली. पण पुढे जे झालं ते मला आजही आठवलं की बरं वाटत नाही.

"यम्मा, मोटार नऊला येणार," मित्री म्हणाला. यम्मा म्हणजे आई. "अबूना पण येतील एवढ्यात. शिक्का मार ना आता, कणीक कधीची फुगलीये."

"नाही मारत."

त्याला वाटलं, आई थट्टा करते आहे. "का गं? माझ्या वाटणीला बिनशिक्क्याची होय?"

"तुला जायचंय ना, जा. मी हात धरला का तुझा? पण हे माझ्याच्यानं होणार नाही."

"यम्मा, असं काय करतेस?" फरहा रडकुंडीला आली. "दादा चाललाय."

"तू गप्प बस."

एवढ्यात धर्मगुरू आले. खुरी सबा त्यांचं नाव. गाव त्यांना अबूना म्हणायचं, म्हणजे आमचे बाबा. त्यांनी झाकलेली कणीक पाहिली, तिच्या शेजारी कोरडा ठणठणीत मी पाहिला, आणि हळू आवाजात म्हणाले, "उम्म मित्री, पोराला रित्या हातानं धाडू नकोस."

"अबूना, माझ्या घरात भाकर कधी करायची ते मी ठरवीन."

मित्रीनं तिच्या हाताचं चुंबन घेतलं. तिनं हात दिला, पण तोंड भिंतीकडे होतं. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. फरहा धावली, शेजारपाजारचे धावले. उम्म मित्री दारापर्यंतसुद्धा गेली नाही. सगळं शांत झाल्यावर ती कणकेपाशी आली आणि स्वतःशीच म्हणाली, "शिक्का मारला की माणूस परत येत नाही. भाऊ आला नाही. जिर्यिस शिक्का कपाळाला लावायचा, तोही आला नाही. हे काम अर्धं राहू दे. अर्धं राहिलेलं पुरं करायला तरी येईल."

तिला राग आलेला नव्हता, मित्रांनो. ती भ्यायली होती. ते फक्त मला कळलं, आणि मी पडलो लाकूड. मित्री मात्र मोटारीत बसून गेला तो आईनं आशीर्वाद नाकारला असं समजून. ती कणीक संध्याकाळपर्यंत आंबली. ती तिनं कोंबड्यांना घातली.

नऊ वर्षं गेली. मित्रीची पत्रं यायची. फरहा वाचून दाखवायची आणि आई सांगेल ते उत्तर लिहायची. यंदा जैतून चांगला आलाय. विहिरीला पाणी आहे. तुझ्या आत्याचे गुडघे दुखतात. सगळं असायचं त्यात. त्या सकाळचं एक वाक्य तेवढं कधी आलं नाही. त्यानं तिकडे लग्न केलं, त्याला मुलगा झाला, तरी आलं नाही. दर शनिवारी ती भाकर करायची आणि तिच्याबरोबर नावांचा एक कागद चर्चला द्यायची. कागदावर दोन रांगा. एक जिवंतांची, एक देवाघरी गेलेल्यांची. जिवंतांत पहिलं नाव मित्री, गेलेल्यांत पहिलं नाव जिर्यिस.

जैतून झोडपायच्या दिवसांत चुलतभावाचं पत्र आलं. छातीच्या तापानं मित्री चार दिवसांत गेला होता. पत्र आलं तेव्हा त्याला पुरून महिना झाला होता. घर माणसांनी भरलं, बिनसाखरेची कॉफी फिरली, बायका रडल्या. उम्म मित्री रडली नाही. त्या शनिवारी तिनं नेहमीसारखी भाकर केली.

"यम्मा, कागद बदलायला हवा," फरहा म्हणाली.

"राहू दे."

सहा रविवार तोच कागद गेला. सातव्या रविवारी लोक यायच्या आधीच ती स्वतः भाकर घेऊन चर्चला गेली. गडबडीत तिनं मलाही फडक्यात गुंडाळलं होतं आणि दाराशी ते फडकं सुटलं, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं आणि ऐकलं. खुरी सबा एकटेच होते. वेदीच्या आतल्या बाजूला, लहान मेजाशी ते भाकर कापून तिचे कण तबकात मांडत होते. ती बाजूच्या दाराशी उभी राहिली.

"अबूना, मित्री गेला हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे, बाई."

"मग जिवंतांत का वाचलंत त्याचं नाव?"

"तू लिहून दिलंस तसं वाचलं. म्हटलं, तुझी तू आणशील दुसरा कागद. घाई कसली?"

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. "ज्याला मी निरोपच दिला नाही, तो गेला असं कसं लिहू?" आणि मग नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या सकाळचं कारण तोंडानं सांगितलं.

खुरी सबांनी हातातली सुरी खाली ठेवली. "हे त्याला कधी कळवलंस का?"

"नाही. पत्रात मी जैतुनाचं लिहीत राहिले."

"चुकलंच हे, उम्म मित्री. चुकलं नाही म्हणून मी तुझी समजूत काढली तर तुलाच पटायचं नाही." त्यांनी तबक दोन्ही हातांनी उचललं आणि दाराशी आणून तिच्यापुढे धरलं. "पण हे बघ. हा मधला मोठा तुकडा प्रभूचा. हे इकडचे कण जिवंतांचे. तुझा हा, फरहाचा हा. आणि हे तिकडचे, गेलेल्यांचे. जिर्यिसचा कण वीस वर्षं मी इथे ठेवतो. तबकं किती आहेत?"

"एकच."

"मग मित्रीचा कण इकडून तिकडे ठेवला तर तो कुठे गेला?"

ती तबकावर वाकली.

"तुझ्या दारातून तो गेला. प्रभूच्या ताटातून नाही गेला," ते म्हणाले. "तू इकडे, तो तिकडे. मध्ये जो आहे तो दोघांचंही ऐकतो. मित्रीला सांगायचं राहिलं ते आता याच्यापाशी सांग. आजच नाही, रोज सांग."

"आणि मित्री मला माफ करील?"

"ते मला कसं कळणार, बाई? पण ज्याच्याजवळ तो आहे, त्याला माफ करण्याची सवय आहे. पोरगा एवढ्यात शिकला असेल."

उम्म मित्रीनं डोळ्यांना पदर लावला. "ठेवा त्याला बापाच्या शेजारी," ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसून रडली. खुरी सबांनी त्या दिवशी उपासना उशिरा सुरू केली. लोकांनीही काही विचारलं नाही.

माझी गोष्ट इथेच संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण दोन महिन्यांनी मित्रीच्या बायकोचं, रोसाचं, पत्र आलं. ते तिकडच्या भाषेत होतं. चिलीत पंधरा वर्षं काढून परतलेला अंद्रावस कापडवाला ते वाचायला घरी आला. मुलाचं नाव वाचून तो आधी हसला. "खोर्खे म्हणजे आपला जिर्यिसच, काकी. बापाचं नाव ठेवलंय." मग त्यानं पुढचं वाचलं. रोसानं लिहिलं होतं : रविवारी जेवायला बसण्याआधी मित्री सुरीच्या टोकानं भाकरीवर एक चौकोन काढायचा आणि त्यात क्रूस. मुलानं विचारलं तर म्हणायचा, माझी खरी भाकर यम्माकडे राहिली आहे. तू थोडा मोठा झालास की आपण तिघं मिळून ती घ्यायला जाऊ.

अंद्रावसनं पत्र घडी करून खाली ठेवलं. फरहा आईजवळ सरकली.

"म्हणजे तो येणारच होता," उम्म मित्री म्हणाली. आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "मी दिली असती तरीही आला असता."

तिनं उठून कणीक मळली. ती फुगेपर्यंत जागची हलली नाही. मग मला दोन्ही हातांत धरून तिनं असं दाबलं की माझी मूठ तिच्या तळव्यात रुतली. इतका स्वच्छ मी त्याआधी कधीच उमटलो नव्हतो. खुरी सबांनी त्या भाकरीवर प्रवासाला निघालेल्याची प्रार्थना म्हटली. मेलेल्यांची का नाही, असं फरहानं विचारलं, तर म्हणाले, "तोही प्रवासच की." भाकर उन्हात वाळवून, चिलीला निघालेल्या एका कुटुंबाबरोबर पाठवली. रोसाचं उत्तर आलं की वाटेत तिचे तुकडे झाले, पण खोर्खेनं ते दुधात बुडवून सगळे खाल्ले.

पुढे फरहा लग्न होऊन अम्मानला निघाली, तेव्हा उम्म मित्री मोटारीपर्यंत चालत गेली. भाकरीचा रुमाल लेकीच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "महिन्याला एक पत्र. आणि त्यात जैतुनाचं नको. मनातलं लिहायचं." गल्लीतल्या बायका हसल्या. ती नाही हसली.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. दर रविवारी नावं वाचली जात तेव्हा तिचे ओठ हलत, असं शेजारणी सांगत. ती काय बोलायची ते मला माहीत नाही. चर्चमधून परतताना तिचं पाऊल मात्र जाताना असायचं त्यापेक्षा हलकं असे. दुःख तिला सोडून गेलं नाही, पण तिला त्याच्याबरोबर चालता येऊ लागलं. शेवटच्या आजारात फरहा तिच्या उशाशी होती. दोघींचं बोलून झालं होतं, म्हणून दोघी नुसत्या हात धरून बसल्या होत्या. तिला पुरलं त्या दिवशी फरहानं स्वतः कणीक मळली.

आता मी फरहाच्या सुनेच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात असतो. भाकरी बेकरीतून येतात, त्यांच्यावर प्लास्टिकचा शिक्का असतो. पाहुणे मला हातात घेऊन म्हणतात, "किती सुंदर कोरलंय!" आणि परत ठेवतात. कोरडेपणानं मला कडेला एक चीर गेली आहे. कुणी थोडं तेल लावलं तर ती वाढणार नाही. पण मी त्याबद्दल तक्रार करत नाही. जुन्या वस्तूंचं असंच होतं.

मित्रांनो, मागायचंच तर मी दुसरं काही मागेन. प्रभूच्या ताटावर सगळे पुन्हा एकत्र येतात, यावर माझा विश्वास आहे. ते ताट मी पाहिलं आहे. त्या विश्वासानं एका आईला उरलेलं आयुष्य उभं ठेवलं, हेही मी पाहिलं आहे. पण निघालेल्याच्या मागे दारापर्यंत जायचं काम तो विश्वास तुमच्याऐवजी करत नाही. ते तुमचं तुम्हालाच करावं लागतं. तुमच्या घरातून कुणी निघालं असेल, आणि तुम्ही रागावला असाल किंवा भ्यायला असाल, तर जे आहे ते त्याच्या तोंडावर सांगा आणि त्याला जवळ घ्या. मोटार दोन मिनिटं थांबेल.