चौथा उद्गार

रवीला अक्कल नाही, हे चतुराबाईंचं म्हणणं जुनंच होतं. पण या वर्षी त्यानं ते भर चर्चमध्ये सिद्ध करायचं ठरवलेलं दिसत होतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारच्या उपासनेत क्रुसावरच्या प्रभूच्या सात उद्गारांवर मंडळीतले सात जण बोलतात. त्यातला पहिला, मारणाऱ्यांना क्षमा करणारा, चतुराबाईंच्या घराचा. मालक होते तोवर मालक बोलले, त्यांच्यामागे मुलगा रवी. आणि या पठ्ठ्यानं तो घरचा मान गोटीराम भालेरावांना देऊन टाकला आणि स्वतःसाठी चौथा मागून घेतला.

"चौथा!" पांढऱ्या साडीच्या निऱ्या खोचता खोचता त्या सुनेला, छायाला, म्हणाल्या. "कुणालाच नको असतो तो. माझ्या देवा, मला का टाकलंस म्हणून प्रभू ओरडतो, त्याच्यावर बोलायचं तरी काय? आन गोटीराम! माईक हातात दिला की स्वतःच्या मोतीबिंदूची साक्ष देतोय. क्षमा राहील बाजूला."

"ह्यांना बोलू द्या, आई," छाया म्हणाली.

"बोलू दे की! घरात तरी कुठं बोलतोय?"

ते खरं होतं. गेल्या पावसाळ्यात रवीची वेदिका डेंग्यूनं गेली. सातवीतली पोर, ताप आला काय आणि गेली काय. तेव्हापासून रवी दर रविवारी आईला मोटरसायकलवरून चर्चला आणायचा आणि स्वतः फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहायचा. माती दिली त्या दिवशी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चतुराबाई सांगत होत्या, "बापाची इच्छा, दुसरं काय." आकाशातल्या बापाची. रवीनं ते ऐकलं होतं. मग आईशी त्याचं बोलणं जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच उरलं.

आज तो सगळ्यांसमोर उभा राहून म्हणणार, मला हा देव नको. चतुराबाईंची खात्रीच झाली होती. एकदा ते तोंडातून गेलं की पोरगा चर्चला मुकला, आणि आपण पोराला.

देवाचं त्यांनी आपल्यापुरतं लावून ठेवलं होतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. सायखेड्याला माहेरी एकत्र कुटुंब होतं, तसंच. पिता ओट्यावर बसून हुकूम करणारा. पुत्र आज्ञेतला, जा म्हटलं की मरायलासुद्धा गेला. आणि आत्मा म्हणजे घरातली सून. सगळीकडे तिचाच हात, पण नाव कुणी घेत नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना त्यांनी हे एकदा ऐकवलं तेव्हा ते हसले होते. "चतुराकाकू, तीन माणसं मोजू नका. देव एकच." "एकच तर एकच," त्या म्हणाल्या होत्या, "पण ओट्यावर कोण बसतं ते सांगा."

चर्चमध्ये पंखे फिरत होते, तरी पाठी भिजल्या होत्या. गोटीराम मोतीबिंदूपर्यंत पोचलेच. दुसरा, तिसरा झाला. मग रवी उठला. सदऱ्याला इस्त्री नव्हती. चतुराबाईंनी छायाचं मनगट घट्ट धरलं.

"मी फार बोलणार नाही," रवी म्हणाला. "मी पोरीचा बाप. दवाखान्यात मी देवाला म्हणालो, मला ने, तिला ठेव. मग इथं यायचं, तर पुत्राला मरायला धाडून वर बसलेला बाप दिसायचा. म्हटलं, असला बाप मला नको."

पुढच्या बाकावरचं कुणीतरी खाकरलं. चतुराबाईंनी मान खाली घातली.

"पाळकसाहेब फाटकाबाहेर माझ्याशेजारी येऊन बसायचे. एकदा म्हणाले, रवी, वर सुखात बसलेला कुणी नाहीच. मेला तो पुत्र, तो देव. ज्याचा लेक गेला तो पिताही देवच. आणि ज्यानं त्या घटकेलाही दोघांना एकमेकांपासून सुटू दिलं नाही तो आत्मा, तोही देव. तीन नाहीत, एकच. म्हणजे मला का टाकलंस, हे बाहेरच्या कुणी विचारलं नाही. देवानंच देवाला विचारलं. माझ्या घरात जे झालं ते देवाच्या घरात झालेलं आहे. मला उत्तर मिळालं नाही. त्यालाही त्या दुपारी मिळालं नव्हतं. पण विचारताना तो 'माझ्या देवा' म्हणाला. मीही तेवढंच म्हणू शकतो."

तो खाली उतरला आणि फाटकाबाहेर गेला नाही. आईच्या शेजारी बाकावर येऊन बसला.

पुढचे तीन उद्गार चतुराबाईंच्या कानावरून गेले. त्यांच्या डोळ्यांपुढे माहेरचा ओटा होता, आणि ओटा रिकामा होता. ज्याला त्यांनी तिथं जन्मभर बसवलं, तो खाली अंगणात होता, लेकाच्या मढ्यापाशी.

उत्तम शुक्रवारी उपासना संपली की एरवीसारखे कुणी हात मिळवत नाही. घराचा उंबरा येईपर्यंत बोलायचंही नाही. चतुराबाईंना वर्षातलं हे सगळ्यात जड जायचं. या वर्षी मात्र गोटीराम समोर येऊन उभे राहिले तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. गोटीरामच बिचकले. त्या मोटरसायकलवर लेकाच्या खांद्याला धरून बसल्या. एरवी मागच्या दांडीला धरायच्या.

छाया रिक्षानं आधीच पोचली होती, दार उघडं होतं. रवीनं आईला हात देऊन उतरवलं. उंबरा ओलांडून त्या आत गेल्या, खुर्चीवर टेकल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"रव्या, इकडं ये. पहिला उद्गार गोटीरामलाच राहू दे. त्याचा मोतीबिंदू प्रभू सोशील. चौथा आता आपल्या घराचा. पुढच्या साली तूच बोलायचं, आन सदरा इस्त्रीचा घालून. आन बापाची इच्छा, बापाची इच्छा, असं या घरात इथून पुढं कुणी म्हटलं, तर त्याची गाठ माझ्याशी हाय."